पायरीवरचा भोपळा

दुकानातल्या डिंकाच्या शेवटच्या बाटलीवर दोन हात एकदमच पडले. एक डेलियाचा, पावसाने गारठलेला. आणि दुसरा… दुसरा कुणाचा ते बघायला तिने मान वर केली, तर समोर एमेट. गल्लीच्या टोकाला, गॅरेजवरच्या खोलीत राहणारा. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. वर्षभरात येता-जाता हात हलवण्यापलीकडे दोघांची ओळख सरकली नव्हती.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला. पण हात काही काढला नाही.

“घेते की. सोडा तरी!”

“एका माणसाला एवढा डिंक कशाला लागतो हो?”

“एका माणसाला नाही, अख्ख्या गल्लीला. शुक्रवारी संध्याकाळी सगळे माझ्याकडे जमणार आहेत. हॅलोविनसाठी भोपळे सजवायचे, कागदाची वटवाघळं करायची. दारोदार चिठ्ठ्या टाकल्या होत्या मी. तुम्हाला नाही मिळाली?”

“मिळाली ना. म्हणून तर डिंक न्यायला आलो. रिकाम्या हाताने कसं यायचं?”

डेलियाला हसू फुटलं. भर दुकानात, परक्या माणसासमोर असं खुदकन हसायची सवय तिची कधीच मोडली होती. तिने बाटली सोडली. “मग आणा तुम्हीच. पण एक अट आहे. सुरी आणायची नाही. माझ्याकडे भोपळा कापायचा नाही.”

“भोपळ्यावर एवढी माया?”

“एका भोपळ्यावर होती,” ती म्हणाली.

एमेटच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम लटपटलं. पण डेलिया तेव्हा छत्रीशी झटापट करत होती. तिला ते दिसलं नाही.

त्या गल्लीला एक जुनी खोड होती. ऑक्टोबर लागला की कुणीतरी कुणाच्या तरी पायरीवर गुपचूप काहीतरी ठेवायचं — भोपळा म्हणा, गोळ्या म्हणा — घंटा वाजवायची आणि धूम ठोकायची. ज्याला मिळेल त्याने दोन दिवसांत आणखी कुणाच्या तरी पायरीवर असंच काही ठेवायचं. आणि कुणी ठेवलं ते मेलं तरी सांगायचं नाही. हा नियम पोरांपेक्षा थोरच जास्त कडक पाळत.

मागच्या सप्टेंबरात डेलियाची आई गेली. नंतर डेलियाने ओसरीवरचा दिवा लावलाच नाही. दिवा बंद दिसला की हॅलोविनला मुलं त्या घरी गोळ्या मागायला येत नाहीत, आणि तिला कुणी यायलाच नको होतं. तरीही एका संध्याकाळी घंटा वाजली. दार उघडून बघते तर चिटपाखरू नाही. पायरीवर एक भोपळा. कोरलेला नव्हे, रंगवलेला. एक डोळा मोठा, एक बारीक, आणि हसू तर असं वाकडं, की रंगवणाऱ्याला कान धरून पुन्हा पहिलीत बसवावं.

डेलिया त्याच्या शेजारी बसून पोटभर रडली, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून तिला हसूही आलं. आपली कुणाला तरी आठवण आहे, एवढंच तिला त्या दिवसांत हवं होतं. कोरलेला भोपळा आठवड्याभरात बुरसतो. हा अख्खा होता, म्हणून थंडीतही टिकला. हिवाळाभर कामावर जाताना ती त्याला “येते रे” म्हणायची. शेवटी मऊ पडला तेव्हा तिने त्याला परसात पुरलं, आणि मे महिन्यात तिथूनच वेल वर आला. आता ऑक्टोबरात परसात पाय ठेवायला जागा नव्हती, इतके भोपळे.

पण या घरातला हा शेवटचाच ऑक्टोबर होता. थोरली बहीण ॲरिझोनाहून रोज फोनवर म्हणायची, “त्या घरात एकटी काय करतेस? ये इकडे.” डेलियालाही ते पटत चाललं होतं. सोमवारी दलाल अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी ठोकणार होता. जाण्याआधी तिला गल्लीचे आभार मानायचे होते, आणि त्या एका माणसाला शोधायचं होतं. ते राहिलं असतं तर तिचा पाय इथून निघाला नसता.

शुक्रवारी घर माणसांनी भरलं. दालचिनी घातलेला सफरचंदाचा गरम रस गॅसवर, जेवणाच्या टेबलावर जुने पेपर आणि पेपरांवर रंग, बटणं, लोकर, लेसचे तुकडे. पडद्याच्या दांडीला जुन्या चादरींची भुतं लटकत होती. शेजारच्या प्रुइटबाई सगळ्यांत आधी येऊन मोक्याची खुर्ची धरून बसल्या होत्या.

“हे वटवाघूळ बघा माझं! कोंबडी दिसतेय नुसती.”

“कोंबडी कुठे, टर्की म्हणा,” एमेट म्हणाला. “पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणात कामाला येईल.”

“तू गप बस रे. आधी तुझ्या भोपळ्याला नाक लाव.”

एमेट डेलियाच्या शेजारी बसला होता. जागा दुसरीकडेही होती, हे दोघांनाही माहीत होतं. तो बटणं चिकटवत होता, लोकरीचे केस लावत होता, पण कुंचल्याकडे फिरकत नव्हता.

“रंगाचं वावडं आहे का?” डेलियाने विचारलं.

“रंगालाच माझं वावडं आहे.”

“आणि हे एवढे केस? भोपळ्याला?”

“आमच्या हेडमास्तरांवर गेलाय. केस सोडून.”

ती इतकी हसली की हातातली चमकी त्याच्या बाहीवर सांडली. ती झटकायला गेली, तर तो म्हणाला, “राहू द्या… छान दिसतेय.” बोलताना तो बाहीकडे बघत नव्हता. डेलियाने घाईघाईने रसाचा पेला उचलला, तो नेमका प्रुइटबाईंचा निघाला.

मग ती उभी राहिली. सगळं सांगितलं — आईचं, बंद दिव्याचं, वाकड्या हसण्याचं. “तुम्ही सजवताय ते सगळे भोपळे त्याच्याच बियांचे आहेत,” ती म्हणाली. “तो नसता तर मागचा हिवाळा मला जड गेला असता. ज्याने ठेवला त्याने आज एकदाच नियम मोडावा. मला त्याचा हात हातात घेऊन आभार मानायचे आहेत. बस, एवढंच.”

एक-दोघांनी नाक पुसलं.

“मी नाही बाई,” प्रुइटबाई म्हणाल्या. “मी कशाला खोटं बोलू? आणि माझ्याकडे तर मागच्या वर्षी काही आलंच नाही! गल्लीभर भोपळे फिरले, मलाच वगळलं. हा एमेट राहायला आला तेव्हा चीज घालून भाजलेले बटाटे नेऊन दिले मी, पातेलंभर! यानेसुद्धा नाही!”

एमेटचे कान लालबुंद झाले. “जरा… हवा खाऊन येतो,” असं पुटपुटत तो ओसरीवर गेला. डेलिया त्याच्या मागोमाग निघाली.

बाहेर पाऊस रिमझिमत होता. शेजारी प्रुइटबाईंचं पिवळं घर. डेलियाचंही पिवळंच.

“तुम्हीच ना?” तिने हळूच विचारलं.

“हो.” त्याने पलीकडच्या घराकडे पाहिलं. “पण… तू समजतेस तसं नाहीये ते. मी गल्लीत नवा होतो. अंधार पडलेला. दोन्ही घरं पिवळी, दोन्ही ओसऱ्या सारख्या, आणि तुझा दिवा बंद. नंबर दिसलाच नाही. तो भोपळा प्रुइटबाईंसाठी होता, डेलिया. बटाट्यांबद्दल.”

अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं, पण डेलियाचं तिकडे लक्षच नव्हतं. वर्षभर ज्या गोष्टीची ऊब घेतली, ती आपली नव्हतीच.

“म्हणजे माझी आठवण कुणालाच नव्हती,” ती म्हणाली.

“ऐकून तरी घे. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली. भोपळा उचलून पलीकडे ठेवायला आलो. तर तू याच पायरीवर बसली होतीस, कॉफीचा कप घेऊन. त्या भोपळ्याला तुझ्या आईचं काहीतरी सांगत होतीस. सांगता सांगता हसत होतीस… मी फाटकातूनच मागे फिरलो.” तो तिच्याकडे वळला. “आला तो चुकून. पण राहू दिला तो मुद्दाम.”

पागोळ्या टपटपत होत्या. डेलियाच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत गेलं.

“आणि बर्फ? बर्फ पडला की सकाळी माझ्या पायऱ्या साफ असायच्या, भोपळ्याचं डोकंसुद्धा झटकलेलं असायचं. मला वाटायचं, प्रुइटबाईंचा पुतण्या करतो.”

“तो? तो स्वतःची गाडी साफ करत नाही!”

“एमेट…”

“ते मात्र चुकून नव्हतं,” तो म्हणाला. “एकदाही नव्हतं.”

डेलियाने हात पुढे केला. त्याने दिला. तो डिंकाने चिकट होता, तिचाही होता, आणि सोडवायची घाई दोघांनाही नव्हती. तिला इतकं भरून आलं होतं, की पाठ करून ठेवलेले आभाराचे शब्द एकही आठवेना.

“सोमवारी पाटी लागणार ना?” त्याने विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“या गल्लीत सांगावं लागतं होय?”

तेवढ्यात आतून प्रुइटबाईंची हाक आली, “अगं डेलिया, डिंक संपला इथला! बाहेर आहे का कुणाकडे?”

शनिवारी प्रुइटबाईंच्या पायरीवर भला मोठा भोपळा आला. कुणी ठेवला ते आपल्याला मुळीच ठाऊक नाही, असं त्यांनी दिवसभर गल्लीला ओरडून सांगितलं.

रविवारी हॅलोविन. दिवस मावळायला आला तशी डेलिया गॅरेजचा जिना चढली. काखेत भोपळा होता, परसातला सगळ्यांत गोल. एक डोळा मोठा, एक बारीक, हसू वाकडं. तसं वाकडं काढायला तिला तीनदा पुसावं लागलं होतं. तिने तो दारात ठेवला, दारावरचा नंबर दोनदा वाचला आणि घंटा दाबली.

पाय म्हणत होते, पळ. लहानपणापासून हेच तर करत आली होती. पण ती कठड्याला घट्ट धरून उभी राहिली.

दार उघडलं. एमेटने आधी भोपळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घर चुकलं नाही ना?”

“नाही. नंबर वाचून आलेय.”

“आणि पळाली नाहीस?”

“नाही,” ती म्हणाली. “दलालाला फोन केला मी. पाटी नको म्हणून सांगितलं. बहिणीलाही कळवलं. इतकी रागावली, की नाताळला इकडेच येते म्हणाली.”

एमेटचा चेहराच सगळं बोलत होता. डेलियाने मागे वळून गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. पिवळ्या घराच्या ओसरीवरचा दिवा लागला होता, आणि परी आणि सांगाडा झालेली दोन पोरं आत्ताच फाटकाशी पोहोचली होती.

“वर्षभराने लावलाय,” ती म्हणाली. “आज खूप मुलं येतील. गोळ्या वाटायला दोन माणसं लागतील. येतोस ना?”

त्याने भोपळा उचलून काखेत घेतला आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला. या वेळी डिंक नव्हता, तरी तो थेट तिच्या ओसरीपर्यंत सुटला नाही.