येतो बा

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माणूस आजही नागपुरात राहतो, रोज दुकान उघडतो, चारचौघांसारखा चहा पितो. फक्त कुठूनही निघताना एक शब्द तोंडातून निघू नये म्हणून जपतो.

मागच्या वर्षीचा मे महिना होता. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. बाहेरगावच्या वाचकांना म्हणून सांगतो, नवतप्यातली नागपूरची भर दुपार म्हणजे आमची मध्यरात्रच. शटर अर्धी खाली, कुत्री नालीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणी हाक मारली तरी घरोघरच्या कूलरच्या आवाजात विरून जाते.

अशाच एका दुपारी, धंतोलीत, एका दवाखान्याच्या गेटसमोर हे घडलं.

माणसाचं नाव धर्मेंद्र. मूळचा नरखेड तालुक्यातला, संत्र्याच्या बागेतला. नागपुरात त्याचं टाइल्सचं मोठं दुकान आहे, त्रिमूर्ती नगरात बंगला आहे, आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये ती गाडी.

दोन दारांची, दोनच सीटांची, लालभडक परदेशी स्पोर्ट्स कार. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनीच घेतली होती, पण अगदी कमी चाललेली. धर्मेंद्रनेही ती कमीच चालवली. पुसली मात्र भरपूर. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्समधून एक चक्कर मारायचा, कुणी ओळखीचं दिसलं की काच खाली करायचा, आणि घरी आला की लगेच गाडीवर कव्हर. आतल्या सीटा पांढऱ्याशुभ्र. बायको कामिनी डोक्याला तेल लावून असेल तर तिलाही आत बसायची बंदी.

मग वडिलांची काय कथा.

वडील बळीराम. धोतर, बंडी, पायात गावच्या चांभाराने शिवलेल्या वहाणा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. एकदा ते दुकानात येऊन बसले होते, तेव्हा एका बड्या बिल्डरने विचारलं, "हे कोण?"

धर्मेंद्र म्हणाला, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

म्हाताऱ्याने ऐकलं. उठून निघून गेला. त्यानंतर दुकानात कधी आला नाही.

पुढे, त्या दुपारच्या एक वर्ष आधी, बळीरामच्या छातीत दुखायला लागलं. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात ठेवलं. धर्मेंद्र रोज सकाळी भेटायला जायचा. पाच मिनिटं उभ्या उभ्या, मग घड्याळाकडे बघत, "येतो बा."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. त्याचा अर्थ येतो असा नसतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

सुट्टी मिळायच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"धर्मू, तुही ते लाल गाडी आनशीन का गा आज? एक डाव बसव ना मले."

धर्मेंद्रच्या डोळ्यांपुढे पांढरी सीट आली. तिच्यावर ते धोतर आलं. खर्ऱ्याचा लाल ओघळ आला. शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत होती. तो हसला, हात सोडवून घेतला आणि दारातून म्हणाला...

"येतो बा."

आणि दुकानात निघून गेला. म्हाताऱ्याला एस.टी.त बसवून द्यायला त्याने भाच्याला पाठवलं, पिंटूला.

दुपारी पिंटूचा फोन आला. "मामा, आबाजी उठूनच नाही राहिले. गेटवरच्या बाकड्यावर बसले आहेत. सगळ्याइले सांगून राहिले, माहा पोरगा लाल गाडी घेऊन येऊन राहिला म्हणून."

"त्यांना म्हण, मी कामात आहे."

"म्हटलं ना मी. ते म्हणतात, धर्मू येतो म्हणून गेला."

मे महिन्याचं ऊन. दिवस कलेपर्यंत म्हातारा त्या बाकड्यावरून हलला नाही. शेवटी पिंटूने कसंबसं उठवून एस.टी.त बसवलं.

त्याच आठवड्यात गावी बळीराम वारले.

तेराव्याला सगळे आले, धर्मेंद्र रडलाही. पण पिंटू समोर आला की त्याची मान आपोआप खाली जायची. पिंटूने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागायचं.

गाडीवरचं कव्हर त्याने नंतर काढलंच नाही.

वर्ष होत आलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं, तेव्हा त्याने ठरवलं की गाडी विकून टाकायची. डोळ्यासमोर नको. रायपूरचं एक गिऱ्हाईकही मिळालं. पण त्याआधी गाडी चालती तरी व्हायला हवी.

त्याने कव्हर काढलं.

कव्हराखालीही धूळ शिरली होती. काचांवर, बोनेटवर, आरशांवर सगळीकडे सारखा थर.

फक्त एक जागा सोडून...

डाव्या दाराचं हँडल लख्ख होतं. कुणी पुन्हा पुन्हा हात लावल्याने पितळेची कडी उजळते ना, तसं.

त्याने कामिनीला विचारलं. तिने तर कव्हराला हातही लावला नव्हता. उंदीर-मांजर असेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

गाडी टोइंग व्हॅनवरून मिनलच्या वर्कशॉपमध्ये गेली. मिनल ऑटोमोबाइल इंजिनिअर, काटोल रोडला तिचं स्वतःचं वर्कशॉप, आणि तोंडाने एकदम फाटकी. बोनेट उघडलं आणि तिने कपाळावर हात मारला.

"बाप्पा! भाऊ, हे काय करून ठेवलं? ऑइलचा चिखल झाला, बॅटरी मेली, ब्रेक जाम, टायर लाकडासारखे कडक. बेल्टले तर भेगा पडल्या आहेत."

"पण चाललीच किती आहे? मीटर बघा ना."

"तेच तर. कमी चालली म्हणजे चांगली राहिली असं नसते. उभी गाडी आतून सडते. तुम्ही हिले नुसतं जपलं, वापरलं कुठं?"

धर्मेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गाडीबद्दल बोलत होती, हे त्याला कळत होतं. तरीही.

बरेच दिवस काम चाललं. सगळी ऑइलं बदलली, कूलंट बदललं, बेल्ट, टायर, बॅटरी, उंदरांनी खाल्लेल्या वायरी. एका दुपारी मिनलचा फोन आला, गाडी न्या. तो गेला तेव्हा इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं.

चावी देताना मिनल म्हणाली, "अन् डाव्या सीटचा पट्टा कोणी कधी ओढलाच नव्हता वाटते. जाम होता. मोकळा करून दिला."

तो निघाला. त्याला घरीच जायचं होतं, धंतोलीत नव्हे. गेलं वर्षभर तो त्या गल्लीतून गेलाच नव्हता. पण पुलाचं काम सुरू होतं, रस्ता बंद, पत्रे लावलेले, बाण डावीकडे. त्या बाणामागून पुढचा बाण.

आणि गाडी त्याच गल्लीत शिरली.

रस्त्यावर कुणी नाही. पानठेला बंद. दवाखान्याच्या गेटमधून अॅम्ब्युलन्स मागे येत होती, म्हणून गार्डने हात दाखवून त्याला थांबवलं.

बरोबर गेटसमोर.

डावीकडे कडुनिंब. त्याखाली बाकडं. रिकामं...

त्याने नजर वळवली. समोर डॅशबोर्डकडे बघत बसला. म्हणूनच त्याला दिसलं.

दार उघडं असल्याचा दिवा लागला.

आत उन्हाची एक झळ आली. गरम, कोरडी, डाव्या बाजूने.

दिवा विझला.

मग गाडी डावीकडे किंचित दबली. कुणीतरी गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, खाली खाली बसावं तशी.

आणि दुसरा दिवा लागला. शेजारच्या सीटवर माणूस असला आणि त्याने पट्टा लावला नसला, की लागतो तो. लाल.

टुंग...

टुंग...

टुंग...

एसीच्या गार हवेत वास आला. कच्च्या सुपारीचा, चुन्याचा.

धर्मेंद्रचे हात स्टिअरिंगला चिकटले. मान वळेना. काचेवर टकटक झाली तेव्हा तो ओरडलाच.

गार्ड होता. त्याने काच खाली केली. गार्ड वाकून आत बघत होता. त्याच्याकडे नाही. त्याच्या पलीकडे...

"साहेब, बाबाजीले पट्टा लावून द्या ना. कवाचा वाजून राहिला. पुढच्या चौकात पोलीस पकडतात." मग जरा थांबून म्हणाला, "कोण लागतात तुमचे?"

तोच प्रश्न. दुकानातला.

धर्मेंद्रने तोंड उघडलं. "माझे..." त्याला रडू फुटलं. "माझे वडील आहेत."

गार्ड मान डोलावून निघून गेला.

टुंग... टुंग... टुंग...

त्याने डोळे मिटले, हात लांब केला आणि डाव्या सीटचा पट्टा ओढला. रिकाम्या सीटला जेवढा पुरतो, तेवढा पुरला नाही. अजून ओढावा लागला. खटका लागला.

आवाज बंद.

डोळे उघडले तर पट्टा सीटवर टेकलाच नव्हता. मधल्या मध्ये, हवेत, ताठ होता. आणि हळूहळू वरखाली होत होता.

माणूस श्वास घेतो तसा...

तो घरी गेला नाही. आलेला रस्ता धरून पुन्हा काटोल रोडला लागला आणि सरळ गावाकडे निघाला. वाटेत मिनलला फोन लावला. "त्या सीटच्या सेन्सरमध्ये काही खराबी आहे का?"

"नाही भाऊ, मी स्वतः चेक केलं. माणूस बसला तरच वाजते. काहून?"

त्याने फोन ठेवून दिला.

फेटरी गेलं, काटोल गेलं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. तो एकदाही डावीकडे पाहू शकला नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. एवढंच म्हणाला, "एसी जास्त झाला का, बा?"

डावीकडची एसीची जाळी करकरली आणि हवेचा झोत वळला. त्याच्या अंगावर...

पोराला गार लागावं म्हणून.

ऊन उतरताना गाडी अंगणात उभी राहिली. त्याची आई, प्रेमिलाबाई, ओट्यावर तुरी निवडत होती.

धर्मेंद्रने उतरून डावं दार उघडलं. पट्टा सोडला. तो झटक्यात गेला नाही. कुणी हाताने धरून सोडावा तसा, सावकाश मागे गेला. त्याने आपला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. गाडी बुटकी आहे, म्हाताऱ्या माणसाला उठायला त्रास होतो.

हातावर काहीतरी रेटलं. खरबरीत. मग सुटलं.

गाडी डावीकडून वर आली. पट्ट्याचा लाल दिवा विझला.

"एकटाच आला काय गा?" आईने विचारलं.

"नाही माय," तो म्हणाला. "बाले घेऊन आलो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. उघड्या दाराकडे पाहिलं. आत गेली आणि पाण्याचे दोन गिलास घेऊन आली. एक त्याला दिला. दुसरा ओट्यावर ठेवला.

किती दिवसांनी त्याच्या जिवात जीव आला होता. चहा झाला, वर्षश्राद्धाचं बोलणं झालं. गाडी आता विकायची नाही, हेही त्याने मनात ठरवून टाकलं. दिवेलागणीला तो उठला. आईच्या पाया पडला. गाडीत बसला, इंजिन सुरू केलं, काच खाली केली आणि ओट्याकडे बघून हात हलवला.

"बरं माय, येतो."

तोंडातून निघून गेलं. जन्माची सवय.

ओट्यावरचा दुसरा गिलास आडवा झाला...

आई गिलासाकडे बघत राहिली.

डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा दिवा लागला. विझला. गाडी डावीकडे दबली.

टुंग...

टुंग...

गाडी अजून धर्मेंद्रकडेच आहे. आता तिचं मीटर भराभर पळतं. दर रविवारी तो गावी जातो, डावं दार उघडून हात पुढे करतो. परत निघताना ओठ घट्ट मिटून घेतो. कधी साधतं. कधी दारात कुणी शेजारी भेटतो, बोलता बोलता तो शब्द निघून जातो, बा वाट बघत न बसता सरळ गाडीत येऊन बसतात, आणि तो पट्टा लावून पुन्हा त्यांना नागपूरला घेऊन येतो. पांढऱ्या सीटच्या कडेला लाल डाग पडलाय. तो डाग त्याने पुसलेला नाही.

हे सगळं त्याने मला त्याच्या पोर्चमध्ये उभं राहून सांगितलं. ऐकून झालं, मी चप्पल घातली, सवयीने म्हणालो, "चला, ये..."

त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून मीही कुणाच्या घरून निघताना दारात अडखळतो. 'जातो' म्हणवत नाही. आणि 'येतो' म्हटलं, आणि आत कुणी ते खरं मानून बसलं तर...