कक्ष सातमधली पिवळी पट्टी

"जरा हे टोक धरता का?"

झाडाच्या पलीकडून आधी आवाज आला, मग मोजपट्टीचं टोक धरलेला हात. माणूस काही दिसेना, झाडच एवढं दांडगं! तिने टोक धरलं. पाऊस भुरभुरत होता, खोड ओलं होतं. पट्टी ताणताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली… आणि दोघांनीही हात जरा उशिराच काढले. खोटं कशाला सांगा!

मग तो पुढे आला. सावळा, उंच, कानावर पेन्सिल खोचलेली.

"बघा, एवढं जुनं, बियांसाठी राखायचं झाड, आणि त्यावर पिवळी पट्टी! म्हणजे तोडायचं. ऑफिसात कुणीतरी डोकं गहाण ठेवून आराखडा केलाय."

"मी केलाय," ती म्हणाली.

त्याची पेन्सिल खाली पडली.

सरकारी जंगलाच्या प्रत्येक कक्षात, म्हणजे आखलेल्या तुकड्यात, यंदा कुठली झाडं तोडायची, कुठली राखायची, हे ठरवणारी अधिकारी ती. आणि हा पलीकडच्या लाकडाच्या वखारीचा मालक, खिशात तिच्याच सहीचा तोडणी परवाना घेऊन फिरणारा. आजवर दोघं फक्त कागदावर भेटली होती.

तिने यादी काढली. या झाडापुढे स्वच्छ लिहिलं होतं: राखणे. आजवर पिवळी पट्टी म्हणजे राखायचं झाड आणि पांढरी म्हणजे तोडायचं. यंदा तिनेच ते उलट केलं होतं, पिवळा रंग लांबून दिसतो म्हणून. रंगवणारे मात्र जुन्या सवयीने पट्ट्या मारून गेले होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "नवा नियम चाळिसाव्या पानावर लिहून मोकळी झाले, तोंडाने कुणाला सांगितलं नाही. चाळिसावं पान वाचतं कोण?"

"मी वाचलं. दोनदा."

"इश्श! आराखडा काय कादंबरी आहे?"

"तुम्ही लिहिता छान…"

ती हसली नाही. म्हणजे, हसली, पण यादीत तोंड घालून.

"गप्प बसून तोडली असतीत, तर तुम्हाला कुणी विचारलं नसतं."

"हे तोडलं तर माझ्या आऱ्याला दोन दिवसांचं काम. राहिलं तर त्याच्या बियांवर पुढची कितीतरी वर्षं वखार चालेल. एवढा हिशेब येतो हो मला!"

"पण परवाना रद्द करावा लागेल. एक तारखेपासून पक्ष्यांच्या विणीसाठी कक्ष बंद, म्हणजे आज धरून नऊच दिवस उरले. तोडणीला तुम्हाला पाच दिवस लागतात. म्हणजे चार दिवसांत सगळ्या पट्ट्या नव्याने मारल्या नाहीत, तर तुमची वखार वर्षभर बंद."

"मग उभ्या काय राहिलात? रंगाचा डबा कुठाय?"

"ब्रशला हात लावायचा नाही हं! परवाना ज्याचा, त्याने झाडावर खूण करायची नसते."

"मग मी काय करू?"

"छत्री धरा. आणि बोलत राहा."

आणि तो बोलला, बाई, चार दिवस बोलला! राखायच्या झाडांवरची पिवळी पट्टी ती काळ्या रंगाने झाकायची, तोडायच्या झाडांवरच्या पांढरीवर नवी पिवळी मारायची. रंग ओघळू नये म्हणून छत्री खोडावर आणि ही दोघं पावसात. तिसऱ्या दिवशी मात्र छत्री हळूच तिच्या डोक्यावर आली.

"अहो, पट्टी भिजतेय!"

"पुन्हा मारता येईल. तुम्ही आजारी पडलात तर… मी बोलू कोणाशी?"

संध्याकाळी घरी मावशीने दारातच अडवलं. "गुणगुणत आलीस ती? झाडं रंगवून इतका आनंद होतो होय गं?"

मावशीपासून काय लपणार! आवडला होता तो. अगदी मनापासून आवडला होता. पण ज्याच्या परवान्यावर आपली सही, त्याच्यावर जीव जडवायचा कसा? उद्या लोक म्हणतील, प्रेमापायी जंगल दिलं. ती तशी घाबरणारी नव्हती. सकाळी ऑफिसात जाऊन तिने एक पत्र लिहिलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि छत्रीवाल्याकडे निघाली.

चौथ्या दिवशी शेवटची पट्टी झाली. साहेबांनी स्वतः कक्षात फिरून झाडं तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा परवाना घ्यायला तो ऑफिसात आला, तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, आणि बोलणं मात्र कुठे गेलं होतं कोण जाणे.

"म्हणजे… आता पुढच्या वर्षीच भेट. अर्ज घेऊन येईन, याच टेबलापाशी…"

"या टेबलावर तुमचा अर्ज येणार नाही. तुमचं प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या, असं साहेबांना लेखी दिलंय. आजच्या परवान्यावर सहीही साहेबांचीच आहे."

त्याचा चेहरा पडला. "का? माझं काही चुकलं?"

"नियम आहे. नातेवाइकाच्या अर्जावर मला सही करता येत नाही."

"नातेवाईक? कोण नातेवाई…"

तो मटकन खुर्चीत बसला. ती त्याच्याकडे सरळ बघत राहिली. कान लाल झाले होते, पण नजर काही तिने खाली वळवली नाही.

"साहेबांना कधी सांगितलंत?"

"काल सकाळी."

"आणि मला आज?"

"तुमचं काय, तुम्ही तर हो म्हणणारच होतात!"

तो इतक्या मोठ्याने हसला की सगळ्या ऑफिसने माना वर केल्या. मग सगळ्यांच्या देखत त्याने टेबलावरचा तिचा हात धरला. या वेळी तो काढायची घाई कुणालाच नव्हती.