सरकता उतार

कपडे वाळत घालायला ती मागच्या दारी आली, तर घरामागच्या उतारावर एक अनोळखी माणूस लोखंडी खुंटी ठोकत होता.

"अहो, कोणाला विचारून?"

"डोंगराला," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "सर्वेक्षण खात्यातून आलोय. हा उतार सरकतोय का, ते दर सोमवारी मोजायचंय."

घरात ती आणि बाबा, दोघंच. ती शिवणकाम करायची. हळूहळू दर सोमवारी तिचं मशीन मागच्या खिडकीशी येऊ लागलं. तो खुंट्यांमधलं अंतर मोजायचा, वहीत आकडा लिहायचा आणि चहा घेता घेता सांगायचा... खडकाच्या भेगांत पाणी शिरतं, मुळं शिरतात, खडक ठिसूळ होतो, त्याची माती होते. मग एखाद्या पावसात ती भिजून जड होते आणि सगळं एकदम खाली येतं.

"इतकी वर्षं गप्प राहून एकदम?"

"आपल्याला एकदम वाटतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

बाबा हसायचे. "माझं लग्न झालं तेव्हापासून हा डोंगर इथेच आहे!"

सलग तीन सोमवार काहीच सरकलं नाही. "असंच राहिलं तर माझं येणं बंद होईल," तो म्हणाला. त्या आठवड्यात तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. पुढच्या सोमवारी तो टेप ताणत असताना तिच्या मनात आलं — सरकू दे... थोडासाच.

मग दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. बुधवारी सकाळी तो धावतच आला. "खुंट्या चार बोटं सरकल्यात. आत्ताच्या आत्ता निघा!" बाबा जागचे हलेनात, त्याने त्यांना सरळ पाठीवर घेतलं. ती मशीन उचलायला वळली.

"सोड ते! तू चल!"

दुपारी उतार खाली आला. घर गेलं, मशीन गेलं, माणसं वाचली.

शाळेच्या एका वर्गात सगळ्यांची सोय केली होती. तो येऊन तिच्या बाकावर बसला.

"मीच मनात म्हटलं होतं... सरकू दे म्हणून," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही येत राहावं म्हणून..."

तो तिच्याकडे वळला. "डोंगर कुणाच्या मनासारखं वागत नाही गं. मला सांगितलं असतंस तर... मी वागलो असतो."

"आणि आता?"

"उद्या दुसऱ्या उतारावर जायचंय. पावसाळा संपेपर्यंत." तो थांबला. "मग येईन. मोजायला काही नसलं तरी."

तिने मान हलवली. तो उठू लागला, तेव्हा मात्र चिखलाने माखलेली त्याची बाही तिच्या मुठीतून सुटेना.