हिरव्या वायरीचं दुसरं टोक

आगाशीच्या बाजारात भर दुपारी सर आली आणि पूर्वी राऊत धावतच इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरली. तिला यायचं तिथेच होतं, पण इतकी भिजून नाही.

"सॅन्टन अंकल, एक स्क्रू ड्रायव्हर द्या. आणि काळी टेप," हातातलं खोकं ओढणीनं पुसत ती म्हणाली.

काउंटरला टेकून वायरचं बंडल बघत असलेल्या तरुणाची नजर त्या खोक्यावर गेली. "स्मार्ट स्विच? कोण बसवणार?"

"मी."

"वा! घरात अर्थिंग आहे?"

"आहे की. सगळीकडे तीन भोकांचे सॉकेट आहेत."

तो हसला. "नाकाला भोकं असली म्हणून वास येतोच असं नाही. सर्दी झालेली असू शकते."

पूर्वीला राग यायला हवा होता. आलं हसू… मग त्या हसण्याचाच राग आला.

"घेऊन जा गं ह्याला," म्हातारे सॅन्टन आतून म्हणाले. "गास गावचा वायरमन, उमंग. तपासल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाय. सगळे त्याची टिंगल करतात, पण काम चोख."

पूर्वीनं त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. केसांतून पाणी ठिबकत होतं त्याच्या, आणि डोळे अजून हसत होते.

"उद्या सकाळी. नंदाखालला, आमच्या घरी," ती म्हणाली. "आणि विनोद घरी ठेवून या."

तो विनोद घेऊनच आला, पण ओटीवर पूर्वीच्या बाबांना, आत्मारामकाकांना, पाहून गप्प झाला. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. लोखंडी वॉकर घेऊन ते घरात फिरायचे, शब्द अडखळत काढायचे. दिव्याचा बोर्ड दारामागे; तिथवर पोचताना दोनदा पडले होते. त्यांच्यासाठीच पूर्वी पुण्याच्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन आली होती. आता ऑफिसनं रुजू व्हायची शेवटची तारीख दिली होती— येता सोमवार. शेजारच्या ज्युलीमावशी सकाळ-संध्याकाळ येणार होत्या. निदान दिवा आणि पंखा तरी बाबांना पलंगावरूनच, मोबाइलवर डाव्या अंगठ्यानं लावता यावेत, एवढंच तिला हवं होतं.

उमंगनं पिशवीतून होल्डरात बसवलेला एक बल्ब काढला. त्याला दोन लांब वायरी होत्या. सॉकेटच्या एका भोकात एक, दुसऱ्यात दुसरी— बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर काढून त्यानं वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या, घातली. बल्ब मेल्यासारखा विझला.

"सर्दी झालीय," पूर्वी स्वतःच पुटपुटली.

तो हसला नाही. "घरात कशाला हात लावल्यावर मुंग्या येतात?"

"नाही."

"फ्री… फ्रीज," आत्मारामकाका म्हणाले.

"बाबा, ते आजारामुळे. डॉक्टरांनी सांगितलंय ना, बधिरपणात मुंग्या येतात म्हणून."

उमंग त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काका, कुठल्या हाताला येतात?"

काकांनी हात वर केला. डावा. धडधाकट.

 सात महिन्यांत पूर्वीनं औषधं वेळेवर दिली, व्यायाम करून घेतला, जेवण भरवलं… पण कुठला हात, हे एकदाही विचारलं नव्हतं. उमंगनं फ्रीजच्या बिजागरीच्या स्क्रूला टेस्टर टेकवला. टेस्टरमध्ये लाल दिवा पेटला. त्यानं लगेच फ्रीजची पिन काढली.

ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. केळीच्या पानांवरून पाणी ओघळत होतं, आणि तिच्या गालांवरूनही. उमंग मात्र भिंतीवरच्या हिरव्या, अर्थिंगच्या वायरीचा माग काढत निघाला होता. खिडकीखालून, न्हाणीच्या कडेनं, पायरीवर बसलेल्या पूर्वीच्या शेजारून पुढे.

"इकडे या," त्यानं हाक मारली.

वायरचं टोक वीतभर उरलेल्या गंजक्या पाइपला गुंडाळलेलं होतं. तो पाइप वरून आणि खालून कापलेला होता, नुसता भिंतीला चिकटून राहिलेला.

"आधी इथला लोखंडी पाइप जमिनीत जायचा. मग तुम्ही प्लास्टिकचे पाइप घातलेत, बरोबर? करंटची जमिनीत उतरायची वाट तिथेच तुटली. आता तो उतरणार काकांच्या हातातून. एखाद्या दिवशी वॉकर ओल्या फरशीवर असता…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"मी त्यांना गप्प केलं हो," ती म्हणाली. "दर वेळी."

त्यानं टेस्टर खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी एका घरी गिझर लावला होता. घाई होती, तपासलं नाही. तिथल्या सुहासिनीकाकूंना शॉक बसला, त्या फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. वाचल्या… पण मी वर्षभर त्या गल्लीतून गेलो नाही. चूक झाली की दोनच गोष्टी करता येतात. रडत बसायचं, नाहीतर खड्डा खणायचा."

"खड्डा?"

"अर्थिंगचा. फावडं आहे?"

फावडं होतं. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी केळीच्या ओळीपलीकडे खड्डा खणला. जमीन पावसानं मऊ झाली होती, तरी उमंगचा शर्ट पाठीला चिकटला. खड्ड्यात नवा लोखंडी पाइप उभा राहिला, तशी ती त्याच्याभोवती घमेल्यानं कोळसा घालू लागली आणि त्यावर खडेमीठ, करंट जमिनीत नीट उतरावा म्हणून.

"अजून मीठ," तो म्हणाला.

"एवढं? स्वयंपाकातही असंच घालता?"

"स्वयंपाक करून वाढायला कुणी नाही. आई गेल्यापासून मी आणि दादा, दोघेही अळणी."

"मग आज इथेच जेवा," ती पटकन म्हणून गेली, आणि घमेलं उचलायच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली. त्याच वेळी तोही घमेल्याकडे वाकला. बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात काढायला जरा उशीरच केला.

"मुंग्या?" त्यानं हळूच विचारलं.

"कोळसा भरा," ती म्हणाली. पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रविवारी सकाळी नवी हिरवी वायर जोडून झाली. उमंगनं बल्बाचा होल्डर तिच्या हातात दिला आणि वायरी स्वतः सॉकेटमध्ये घातल्या, एक अर्थिंगच्या भोकात. तिनं श्वास रोखला. बल्ब असा पेटला की ओटीवरून काका "वा!" म्हणाले. मग फ्रीज चालू करून त्यानं टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला नाही. त्यानं आधी स्वतःचा हात फ्रीजच्या दारावर ठेवला, आणि मगच काकांना बोलावलं. काकांनी डावा तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"गेल्या," ते म्हणाले. "मुंग्या… गेल्या." आणि त्याच हातानं त्यांनी लेकीचं डोकं थोपटलं. माफी तिनं मागितली नव्हती. मागायची गरजही त्यांनी ठेवली नाही.

स्मार्ट स्विच बसायला अर्धा तास पुरला. काका पलंगावर आडवे पडून पंखा लावत होते, बंद करत होते, पुन्हा लावत होते. नव्या खेळण्यासारखं.

काम संपलं होतं. तरी उमंग स्वयंपाकघरातल्या सॉकेटपाशी रेंगाळला.

"हे तुम्ही तिसऱ्यांदा तपासताय," पूर्वी दाराशी उभी राहून म्हणाली.

"हो…"

"का?"

त्यानं बल्ब पिशवीत ठेवला. पुन्हा बाहेर काढला. "तपासून झालं, की घरी जावं लागतं. आणि उद्या तुम्ही जाणार. मी चार दिवस मन लावून तुमच्या जाण्याचीच तयारी करून दिली— शहाणा म्हणायचा मला! मनात आलं होतं, काम जरा लांबवावं. पण काकांचा हात आठवला… नाही जमलं."

 बाहेर केळीत कुठेतरी भारद्वाज घुमत होता. तिला आठवलं, काल रात्री बॅग भरताना आपणही मनात म्हणालो होतो— एखादं सॉकेट बिघडलेलं निघू दे. फक्त एक.

"तुम्ही लांबवलं असतं ना," ती म्हणाली, "तर मला ते कळलंच असतं. मग तुम्ही मनातून उतरला असतात, आणि मी उद्या निवांत गेले असते." ती दाराच्या चौकटीला टेकली. "आता नाही जाता येणार निवांत."

त्यानं वर पाहिलं.

"नोकरी मी सोडणार नाही," ती घाईनं पुढे म्हणाली. "दर शनिवारी येईन. विरारला गाडी संध्याकाळी पोचते."

"मी स्टेशनला येतो."

"आणि मधले पाच दिवस?"

"काकांशी पत्ते खेळतो. त्यांना विचारलंय मी."

"माझ्या आधी बाबांना विचारलंत?"

"फक्त पत्त्यांचं! बाकीचं तुम्हाला विचारल्याशिवाय कसं…" तो अडखळला. लाल झाला. "मला तुम्ही आवडता, पूर्वी. फार."

ती दोन पावलं पुढे आली. त्याच्या मनगटावर कोळशाचा डाग राहिला होता. तो तिनं ओढणीच्या टोकानं पुसला, सावकाश, डाग गेल्यावरही.

"मला पण," ती म्हणाली. "आणि आता अहो-जाहो पुरे. शनिवारी उशीर करू नकोस."

आतून काकांचा आवाज आला, अडखळत, पण ठणठणीत:

"पोरांनो… चहा करा. तिघांचा."