आतली कपार

समुद्री शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या बाई महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. त्याआधी त्यांना एकदा समुद्रातल्या सुळक्यामागच्या आतल्या कपारीत जायचंच होतं! हिमयुगात बर्फाने दूर उत्तरेकडचा आमचा अख्खा किनारा खरवडून काढला, पण त्या कपारीत बर्फ पोहोचलाच नाही. तिथं समुद्री शेवाळाचे जुने वाण तगले आणि बर्फ वितळल्यावर त्यातला एखादाच बाहेर पसरला, असं बाई वीस वर्षं सांगत होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा पाय मोडला, म्हणून नमुने आणायला मी, त्यांचा विद्यार्थी, गेलो. ते तपासणीत बाहेरच्या शेवाळासारखेच निघाले. शास्त्रज्ञांच्या भर सभेत लोक बाईंना हसले. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

आता बाई आणि मी निघालो, तर होडीवाली मावशी तेव्हाचीच. तिला पाहताच मी तोंड फिरवलं.

सुळक्याला वळसा घातला आणि लाटा अंगावर आल्या! होडी उभी राहिली, आपटली. बूट पाण्याने भरले. कपारीचं तोंड होडीपेक्षा जेमतेम हातभर रुंद, आणि भरती सुरू व्हायला अर्धा तास.

"मागच्या वेळी इथूनच परत फिरलो ना आपण?" मावशीने मला सहज विचारलं.

बाईंनी वळून पाहिलं. "इथून?"

"बाई, मी आत गेलोच नव्हतो," मी म्हणालो. "घाबरलो. बाहेरच्या खडकावरचं शेवाळ पिशव्यांत भरलं आणि चिठ्ठीवर 'आतली कपार' लिहिलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई कपारीच्या तोंडाकडे वळल्या. एक लाट ओसरली.

"मावशी, घाला आत!" त्या ओरडल्या.

होडी घुसली. दोन्ही बाजूंनी खरचटली! मी उडी मारली. लाटेने उचलून खडकावर आपटलं. हात सुटला. पुन्हा धरला! समोर तपकिरी पट्ट्यांच्या मध्ये लालसर, झालरीसारखं शेवाळ डुलत होतं. तसलं बाहेर मी कधीच पाहिलं नव्हतं. हावरटासारखी मूठ भरली.

"नखाएवढंच तोड!" बाई कडाडल्या. "एवढ्या बर्फातून वाचलंय ते."

मी मूठ सोडली. चौदा तुकडे घेतले आणि पाणी छातीला लागताना होडीत चढलो.

बाहेर आल्यावर बाईंनी चिठ्ठ्या आणि पेन्सिल पुढे केली. "गोळा करणाऱ्याचं नाव खाली लिही. जुने नमुने बाहेरचे होते, असं उद्या सभेला पत्र लिहायचंय, त्यावरही तुझंच."

"बाई, लोक तुम्हाला हसले, ते माझ्यामुळे..."

"लोकांचं सोड रे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं माझाच माझ्यावर विश्वास नव्हता."

किनारा येईपर्यंत मी चिठ्ठ्याच लिहीत राहिलो. मान वर करायचा धीर झाला नाही.