तिसऱ्या खोलीतलं शेवाळ

टाकीतलं पाणी हिरवं असायला हवं होतं. ते तपकिरी दिसत होतं, आणि झाकण उघडताच सडका वास शाल्मलीच्या नाकात शिरला. तिने घाईघाईने दुसरी टाकी उघडली. तिचीही तीच गत. तिसरीच्या कडेला थोडा हिरवा रंग शिल्लक होता, बाकी सगळं तळाशी बसून काळवंडलं होतं.

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतच राहिली. दुपार उलटून गेली होती. कशी? ती झोपली नव्हती, कुठे हुंदडायलाही गेली नव्हती. सकाळी इथे आली, तारेचा एक छोटा वारामापक जुळवायला बसली आणि 'एवढं झालं की ढवळते' असं मनाशी म्हणाली. थोडाच वेळ तर झाला होता! मग मधला सगळा वेळ गेला कुठे?

अरुणवाडी ही मंगळावर माणसांनी वसवलेली एक लहानशी वसाहत होती. एका विवराच्या (उल्का आदळून झालेल्या प्रचंड खड्ड्याच्या) कडेला, अर्धी जमिनीखाली. त्या वर्षी धुळीचं वादळ आलं आणि जायचं नावच घेईना. मंगळावर कधीकधी असं वादळ सगळ्या ग्रहाला वेढून टाकतं आणि कित्येक आठवडे मुक्काम ठोकतं. आकाश विटकरी झालं, सूर्य दिसेनासा झाला आणि सौरपट्ट्या (सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे) जेमतेम वीज देऊ लागल्या.

मग एकेक गोष्ट बंद करावी लागली. आधी करमणुकीचे पडदे, मग गरम पाणी, मग सांगाती. सांगाती म्हणजे वसाहतीच्या संगणकाचा आवाज. तो प्रत्येक मुलाच्या कानात असे. 'शाल्मली, ऊठ.' 'शाल्मली, चित्र पुरे, गणित घे.' अगदी लहानपणापासून मुलं त्याच्या सांगण्यावर चालत आली होती. तो गप्प झाला त्या दिवशी त्यांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. आठवड्याभरात त्यांची दैना उडाली. कुणी जेवायचंच विसरलं, कुणी दुपारपर्यंत अंथरुणात लोळत राहिलं. त्यांच्याकडे बघायला मोठ्यांना सवड नव्हती. शाल्मलीच्या आईबाबांसकट सगळे जाड पोशाख चढवून दिवसभर बाहेर पट्ट्यांवरची धूळ झाडत होते. म्हणून आतली कामं मुलांवर आली, आणि अकरा वर्षांच्या शाल्मलीच्या वाट्याला तिसरी खोली आली.

त्या खोलीतल्या सात टाक्यांत शेवाळ वाढत असे. दिव्याच्या उजेडात ते माणसांनी सोडलेला कर्बवायू घेई आणि प्राणवायू देई. पण त्याला सारखं ढवळावं लागे. नाहीतर ते तळाशी बसतं, खालच्या थराला उजेड मिळत नाही, तो मरतो, कुजतो आणि कुजताना उलट प्राणवायूच खातो. ढवळण्याची मोटर आता बंद होती. हाताने दांडा फिरवायचा, जाळ्या धुवायच्या, एवढंच काम. पण ते वेळच्या वेळी व्हायला हवं होतं.

दार उघडलं. शाल्मलीची आत्या आत आली. डॉक्टर मंदाकिनी सरनाईक ही वसाहतीची वनस्पतिशास्त्रज्ञ होती. वास येताच ती जागीच थबकली.

"किती टाक्या गेल्या?" तिने विचारलं.

"दोन. तिसरी पण..." शाल्मली म्हणाली.

आत्याने बाह्या सरसावल्या आणि तिसऱ्या टाकीचा दांडा फिरवायला सुरुवात केली. शाल्मली दुसऱ्या बाजूने फिरवू लागली. पुष्कळ वेळ त्या दोघी फिरवत होत्या. ती टाकी काही वाचली नाही, पण उरलेल्या चार वेळेत ढवळल्यामुळे तगल्या.

संध्याकाळी वसाहतीचे प्रमुख दस्तूरकाका आले. धुळीने त्यांच्या भुवया लाल झाल्या होत्या.

"मंदा, हवा कमी पडतेय," ते म्हणाले. "पाण्यातून प्राणवायू काढायचं यंत्र वाढवावं लागेल. त्याला वीज लागणार, आणि वीज आता एकाच ठिकाणाहून काढता येईल."

"गव्हाच्या घुमटातून," आत्या म्हणाली.

"मी माणूस पाठवतो बंद करायला."

"नको. मीच करते."

त्या घुमटात आत्याचा गहू होता. मंगळाच्या खारट मातीत तग धरेल असं वाण तिने आठ वर्षं खपून तयार केलं होतं. ओंब्या नुकत्या भरत होत्या. आत्याने उष्णतेची कळ खाली ओढली आणि काचेबाहेर उभी राहिली. शाल्मली तिच्या मागे उभी होती. मंगळावरची थंडी वाट बघत बसत नाही. आधी पानांची टोकं मऊ पडली, मग काचेवर आतून पांढरं दव गोठलं, आणि त्यामागे काही दिसेनासं झालं.

"मी आळस नाही केला गं," शाल्मली रडत म्हणाली. "खरंच नाही केला. मला वाटलं, थोडाच वेळ झालाय."

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आता खोलीवर जा. मला थोडं एकटीला राहू दे."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने जाहीर केलं, "मला ती खोली नको. मोठ्या कुणाला तरी द्या."

"मोठं कोण रिकामं आहे?" आत्याने विचारलं. रात्रभर तिला झोप लागली नव्हती, हे डोळ्यांवरून कळत होतं. "चार टाक्या जिवंत आहेत. त्या तुझ्याच. बस इथे. डोळे मीट. एक मिनिट झालं असं वाटलं की सांग."

शाल्मलीने डोळे मिटले. बरंच थांबल्यासारखं वाटल्यावर म्हणाली, "झालं."

"अजून बराच अवकाश होता. आता ही तार घे, काल करत होतीस तसा वारामापक जुळव. पाच मिनिटं झाली की सांग."

शाल्मली तार वळवू लागली. एक पातं बसेना, ते सरळ केलं, दुसरं लावलं. "झाली पाच," ती म्हणाली.

आत्याने घड्याळ पुढे केलं. बारा मिनिटं झाली होती.

शाल्मलीने हातातली तार खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "काल असंच झालं."

"रंग बघायला डोळे आहेत, आवाजाला कान आहेत. वेळ जाणवायला असा वेगळा अवयवच नाही आपल्याला. मेंदू नुसता अंदाज करतो. कंटाळलो की तो लांबवतो, गुंग झालो की आखडतो. त्यामुळे गुंग असताना 'किती वाजले असतील' हे मनाला विचारायचंच नाही. घड्याळाला विचारायचं, नाहीतर आधीच घंटी लावून ठेवायची."

"आणि जाळ्या? परवा त्या पटकन होतील असं मी धरलं होतं. स्क्रू अडकले."

"ती दुसरी फसगत. काम किती वेळाचं, हे ठरवताना आपण ते मनात करून बघतो. मनातला स्क्रू कधी अडकत नाही, मनातलं पाणी सांडत नाही. शास्त्रज्ञ याला नियोजनाचा भ्रम (काम खऱ्यापेक्षा लवकर होईल असं वाटणं) म्हणतात. मीसुद्धा फसते. हे वाण तीन वर्षांत होईल असं मी छातीठोक सांगितलं होतं."

शाल्मलीला घुमट आठवला. तिने मान खाली घातली.

"मग काय करायचं?"

"काल खरोखर किती वेळ लागला, ते धरायचं. वाटतं ते नाही. त्यात अडचणींसाठी थोडी सैल जागा ठेवायची. आणि जे थांबू शकत नाही ते आधी. शेवाळ थांबत नाही. वारामापक थांबतो."

"तू मला वेळा ठरवून दे ना."

"नाही." आत्याने मान हलवली. "मी ठरवून दिलं तर मीच तुझा सांगाती झाले. मी नसले की पुन्हा हीच गत. तू ठरव. चुकलं तर बदल."

शाल्मलीने ठरवलं, आणि ते चुकलं. पहिल्या दिवशी तिने सगळी कामं इतकी चिकटून बसवली की एक घसरलं तशी पुढची सगळीच कोसळली. दुसऱ्या दिवशी तिने फक्त टाक्यांच्या वेळा पक्क्या केल्या आणि बाकीचं त्यांच्या अवतीभवती सोडलं. प्रत्येक जाळीला खरा किती वेळ लागतो ते तिने मोजलं. तिला वाटलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. मग एके दिवशी चौथ्या टाकीची नळी फुटली. पाणी जमिनीवर पसरलं. शाल्मलीने आधी घड्याळ बघितलं. पुढच्या ढवळणीला अजून अवधी होता, तिनेच मुद्दाम ठेवलेला. तिने नळी बांधली, फरशी पुसली आणि वेळेवर दांडा हातात घेतला. चारही टाक्या हिरव्या राहिल्या.

ती कुणाला हे सांगायला गेली नाही. सांगण्यासारखं कुणी जागेवर नव्हतं. आत्याही आता पट्ट्या झाडायला जात होती. एकदा आत परतल्यावर पोशाख झाडताना तिच्या मुखवट्याची कड उसवली आणि मंगळाची पिठासारखी बारीक धूळ तिच्या छातीत गेली. खोकला थांबेना. तिला दवाखान्यात निजवलं. डॉक्टरीणबाई शाल्मलीच्या आईशी दाराबाहेर हळू आवाजात बोलल्या, पण शाल्मलीने ऐकलं. फुप्फुसं आता भरून येणार नव्हती. महिने जातील, कदाचित वर्ष. त्याहून जास्त नाही.

शाल्मली त्या दिवशी टाक्यांपाशी गेली, ढवळलं, जाळ्या धुतल्या, आणि मग दांड्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

वादळ उतरायला लागलं तेव्हा मुलं आपापली कामं सांभाळायला शिकली होती. सगळी नव्हे. दस्तूरकाकांचा नातू अजूनही जेवण विसरायचा, त्याला शाल्मली हाक मारायची.

एका संध्याकाळी ती आत्याच्या उशाशी येऊन बसली. आत्याने तिच्या हातात एक लहान डबी ठेवली. तिच्यात गव्हाचे दाणे होते, आधीच्या एका पिढीचे, गोदामात उरलेले.

"हे त्या वाणाच्या दोन पायऱ्या आधीचे आहेत," आत्या म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "पुढचं पुन्हा करावं लागेल कुणाला तरी."

शाल्मलीने दाणे बोटाने चाचपले. "तुला आठ वर्षं लागली. उरलेल्या पायऱ्यांना किती?"

"शेवटच्या दोनच अवघड. पाच लागली होती."

"म्हणजे मी आठ धरते," शाल्मली म्हणाली. "मला अजून शिकायचंय पण. दहा धरते."

आत्या हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "एकवीस वर्षांची होशील तू."

"हो."

तेव्हा आत्या नसेल, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"तुला आत्ता काम नाही का कुठलं?" थोड्या वेळाने आत्याने विचारलं.

"आहेत खूप. पण जेवणापर्यंतचा वेळ मी रोज बाजूला काढलाय. त्यात काही बसवायचं नाही असं ठरवलंय."

"मग काय करणार त्या वेळात?"

"इथे बसणार."

आत्याने तिचा हात हातात घेतला. खिडकीबाहेर कित्येक आठवड्यांनी धूळ विरळ झाली होती. मंगळावर सूर्य मावळताना त्याच्याभोवतीचं आकाश निळसर होतं. शाल्मलीने आत्याच्या पाठीशी उशी नीट लावली, आणि तो फिकट निळा उजेड दोघी शेवटपर्यंत बघत राहिल्या.