उजवीकडचा हेडलाइट

यात एका शब्दाचीही भर घातलेली नाही. उलट थोडं गाळलंच आहे.

रविवार होता. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान हे घडलं. शेडमध्ये बाबांची गाडी होती आणि गाडीसमोर पाण्याची बादली घेऊन बसलेली त्यांची मुलगी. घरात फक्त आई.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता.

गाडीला साधा ओरखडाही नव्हता. अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बाबा खाली उतरले, आणि शेजारून गेलेल्या ट्रकने त्यांना उडवलं. वाटेत मध्येच ते का उतरले, कोणालाच कळेना.

आईने मात्र कारण ठरवून टाकलं होतं. नेमका त्याच वेळी तिने त्यांना फोन केला होता. गाडी चालवताना हे फोन घेत नाहीत, माझ्या फोनपायीच उतरले, असं ती आल्यागेल्याला सांगायची. जेवण सुटलं होतं. झोप उडाली होती.

मुलगी ऐकून घ्यायची. आणि गप्प बसायची.

कारण बाबांच्या हातात फोन नव्हता. फडकं होतं. पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत तिने ते पाहिलं होतं आणि आईच्या नजरेला पडू दिलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी गाडीचे हेडलाइट धुरकटले होते. तेव्हा दोघांनी मिळून ते घासले, पॉलिश केले. शेवटी वरून लॅकरचा पारदर्शक थर द्यायचा राहिला होता. तेवढं काम तिच्यावर सोपवून बाबा आडवे झाले. थर द्यायचा म्हणजे तो सुकेपर्यंत थांबणं आलं, आणि तिला बस गाठायची होती. हेडलाइट तर चकाकतच होते. तिने लॅकरचा डबा न उघडताच रंगाच्या डब्यांमागे सरकवून दिला.

निघताना बाबांनी विचारलं, "दिला ना थर?"

"हो, दिला."

त्या थराशिवाय घासलेलं प्लास्टिक उन्हाने पहिल्यापेक्षा जास्त धुरकटतं. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. त्या रात्री नीट दिसेना, तेव्हा वर धूळ बसली असेल असंच त्यांना वाटलं असणार. लेकीने थर दिलाय म्हटल्यावर माणसाला दुसरं काय वाटणार?

आता गाडी विकायची होती. गॅरेजवाला म्हणाला होता, "ताई, गाडी ठणठणीत आहे. फक्त दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. तेवढं ऑपरेशन घरीच उरका."

तिने डावीकडून सुरुवात केली. कडेने चिकटपट्टी लावली. पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.

सर्र... सर्र... सर्र...

दुधासारखं पांढरं पाणी ओघळू लागलं.

जरा वेळाने तिने हात थांबवला.

सर्र... सर्र...

मग शांतता.

पत्र्यावर आवाज घुमत असेल असं समजून तिने पुन्हा घासायला घेतलं. इतक्यात आतून आईने विचारलं, "कोण आलंय गं मदतीला?"

कोणी नाही, असं ती म्हणाली.

"मग दोघं घासताय असं का ऐकू येतंय?"

तिच्या हातातला पेपर बादलीत पडला.

ती उठली. गाडीच्या पुढून उजवीकडे गेली. तिकडे तिने अजून पाऊलही टाकलं नव्हतं...

उजवा हेडलाइट ओला होता.

त्यावरून पांढरं पाणी टपकत होतं. आणि पृष्ठभागावर सरळ उभ्या रेघा होत्या. एका पेपराने आडवं, पुढच्याने उभं, ही बाबांची पद्धत. ती कायम गोल गोल घासायची आणि त्यावरून बोलणी खायची.

तिथून पळून जावंसं वाटलं. पण गेली नाही. जाणार तरी कोणत्या तोंडाने? रंगाच्या डब्यांमागून तिने लॅकरचा डबा काढला, आणि दोन्ही हेडलाइट पुरे करून त्यांना थर दिला. या वेळी सुकेपर्यंत तिथेच बसून राहिली.

अंधारून आलं तेव्हा तिने आईला बोलावून गाडीत बसवलं आणि दिवे लावायला सांगितले. स्वतः बाजूला उभी राहिली.

समोरच्या भिंतीवर दोन स्वच्छ, पांढरे झोत पडले.

मग उजव्या झोतात काहीतरी हललं...

एक सावली. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. सावकाश, दाबून.

आई आतून म्हणाली, "आता कशाला पुसतेस? झालंय ना?"

ती हेडलाइटपासून चांगली सहा पावलं लांब होती. हातात काही नव्हतं.

ती भिंतीकडे बघत राहिली. आणि तशीच बोलत सुटली. थर दिला नव्हता. खोटं सांगितलं होतं. बाबांच्या हातात फडकं होतं. आई, तुझ्या फोनचा काही संबंध नव्हता.

आईने दिवे बंद केले.

अंधारात काही दिसेना. पण हेडलाइटवरून फडकं फिरल्याचा आवाज येतच होता.

आई गाडीतून उतरली. चाचपडत पुढे आली आणि त्या हेडलाइटपाशी थांबली. रोज जेवायला हाक मारायची, अगदी तशाच आवाजात म्हणाली,

"बास करा आता. स्वच्छ झालंय. चला आत."

आवाज थांबला.

आई घरात गेली. मागे दार उघडं ठेवून. मुलीकडे तिने पाहिलंही नाही.

गाडी विकली नाही. आई आता व्यवस्थित जेवते, झोपते. आपल्या फोनचं नाव काढत नाही. मुलगी दर रविवारी फोन करते, तेव्हा आई तब्येतीचं, शेजारपाजारचं सगळं बोलते. त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द नाही.

फक्त बोलता बोलता मध्येच थांबते... कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

मग म्हणते, "हं. सांगते तिला."

आणि सांगत काहीच नाही.

काय सांगायचं होतं, हे विचारायचं धाडस मुलीला अजून झालेलं नाही.